लेन्सच्या डबीतलं गंगाजळ

डोळे हा मनाचा आरसा असतो आणि आरशावर काच शोभत नाही, असं आमच्या आत्याचं मत होतं. म्हणून धाकट्या बहिणीनं लग्नात लेन्स घालून उभं राहायचं ठरलं. नवऱ्या मुलानं तिला चष्म्यातच पसंत केलं होतं, हे कुणी विचारात घेतलं नाही.

लेन्सचं पथ्य सोपं होतं. हात साबणानं धुवून कोरडे करायचे आणि डबीत फक्त त्यासाठीचं औषध घालायचं. दुसरं कुठलंही पाणी नाही. बहीण ते नेमानं पाळत होती.

लग्नाच्या दिवशी वाशीच्या मंगल कार्यालयात तिनं लेन्स घातल्या. मुंडावळ्या बांधताना तिनं माझं मनगट गच्च धरलं.

"अक्का, उजव्या डोळ्यात वाळू गेल्यागत होतंय."

डोळा लालभडक झाला होता.

"असं कसं व्हईल?" आत्या म्हणाली. "म्या सकाळीच डबीतलं औषध फेकून गंगाजळ भरलंय. काशीचा गडू फोडला तिच्यासाठी."

तो सीलबंद गडू माझ्या जन्माआधीपासून देव्हाऱ्यात होता.

"काढ आधी," मी म्हणाले.

"अक्षता पडूस्तवर कळ काढ गं," मामी म्हणाली. "फोटोवाला खोळंबलाय."

मी बहिणीचे हात धुवून पुसले. डावी लेन्स निघाली. उजवी निघेना. बाहेर भटजी घाई करत होते. तिसऱ्यांदा निघाली, पण आता चष्मा लावूनही तिला त्या डोळ्यानं धूसर दिसत होतं. मी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"तशीच घेऊन या. पाण्यातल्या जंतूंनी नजर जाऊ शकते."

"मुहूर्त आहे."

"तो मी काढलेला नाही."

शालू नेसलेली नवरी दवाखान्यात मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांमध्ये बाकावर बसली. आत्या पदराचं टोक पिळत होती.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं. "बुबुळावर ओरखडा आहे. वेळेत आलात. थेंब घाला, उद्या परत दाखवा. लेन्स अन् डबी फेकून द्या." मग आत्याकडे वळल्या. "आजी, लेन्सला पिण्याचं पाणीसुद्धा चालत नाही."

"पिण्याचं न्हाय ओ," आत्या म्हणाली, "गंगेचं."

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहू लागल्या.

मुहूर्त टळल्यावर बहीण चष्मा लावून बोहल्यावर उभी राहिली. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत काचांवर फ्लॅश चमकलाय. डोळे दिसतच नाहीत.