एकाच नावाचे दोन बोर्ड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं सोपं नाही.

मला लहानपणापासून एकच खोड. आत काय चाललंय ते बघायचं. थाटीपुरच्या घरात मी एक खेळ मांडला होता. पडाव भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून वायफायवर चालणारे छोटे बोर्ड आणले — एक माझ्या वरच्या खोलीतल्या दिव्याला, एक पाण्याच्या मोटरला, एक खाली आत्याच्या दिव्याला. फोनवर अ‍ॅप एकच, बटणं वेगवेगळी. गंमत अशी, की प्रत्येक बोर्डाला स्वतःचं नाव द्यावं लागतं. फोन नाव घेऊन हाक मारतो आणि ज्याचं नाव तोच ओ देतो. काय छाती फुगली होती माझी!

आत्या मात्र भिंतीवरचंच बटण दाबायची; तेही बोर्डालाच जोडलेलं, दोन्हींनी दिवा लागायचा-विझायचा. ती शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली. लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं तिच्याच मागे चालायची. हातात पुस्तक कधीच नाही.

मग ती म्हणू लागली, "अरे, मी तर बत्ती बंद करून गेले होते. परत जळतेय कशी?"

"बोर्ड चुकत नाही, आत्या. तुझ्याच ध्यानात नसेल राहिलं," मी म्हणालो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पण एका संध्याकाळी तिच्या खोलीत एकटा बसून मी फोनवरून वरचा दिवा लावला, आणि समोर तिचाही लागला. लख्ख कळलं. मध्ये बोर्डांचा प्रोग्राम बदलला तेव्हा वरच्या बोर्डाचाच तिच्या बोर्डात जसाच्या तसा भरला होता. नाव बदलायचं विसरलो होतो. एका हाकेला दोघंही ओ देत होते. दुरुस्ती चुटकीसरशी झाली असती. मी केली नाही.

का? — कसं सांगू — मला बघायचं होतं. माणूस दिव्यावर संशय घेतो, की स्वतःवर? ती दिवा मालवून स्वयंपाकघरात गेली की मी फोनवरचं वरच्या दिव्याचं बटण दाबायचो. आधी तिनं भिंतीवरचं बटण ठोकून पाहिलं. मग कामवालीला विचारलं. मग एके दिवशी ती दिव्याखाली उभी राहून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. आणि मी? मी पुन्हा तेच म्हणालो — बोर्ड चुकत नाही, आत्या. या वेळी मला माहीत होतं.

त्या गणपतीत तिनं मंडळात सांगून टाकलं, "आता माझा काही भरोसा नाही. मधूनच ओळ सुटली तर? दुसऱ्या कुणाला बसवा."

मी हादरलो. त्याच दिवशी बोर्डाचं नाव बदललं, गुपचूप. तिला सांगितलं असतं तर? — पण घरातला हुशार मी, कुठल्या तोंडानं सांगणार? नाही सांगितलं.

आता पुढे पुस्तक घेऊन दुसरंच कुणी बसतं. आत्या मागच्या रांगेत. मी तिच्या ओठांकडे बघत असतो. एक अक्षर सुटत नाही.

घरातून निघताना ती दाराशी थांबते. "बत्ती बंद केली ना रे मी? तू बघून सांग."

मी फोन काढतो, बघतो आणि सांगतो, हो, केलीस.

"तू आहेस म्हणून बरं," ती म्हणते.