अख्ख्या नेटनं ऐकलेल्या शिव्या

त्या हिवाळ्यात आमची पोस्टिंग उत्तरेला, बर्फातल्या एका पोस्टवर होती. मी लान्स नाईक, रेडिओ ऑपरेटर, गाव चकलांब्याकडचं. पुढच्या बंकरमध्ये माझ्यासोबत नाईक दशरथ, केज तालुक्यातला. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहायचं, सातला चहा, दर तासाला सेटवर रिपोर्ट. दशरथभाऊ देवभोळा. मी त्याची लई टिंगल करायचो, एवढ्या उंचीवर देवालाही धाप लागंल म्हणायचो. तो नुसता हसायचा.

एका सकाळी दहा चाळीसला वरून बर्फाचा कडा सुटला. बंकरचं छत खाली आलं. तुळई दशरथभाऊच्या कमरेवर पडली. माझे पाय गाडले गेले, हात मोकळे राहिले. सेट छातीशीच होता.

"अल्फा, चार्ली बोलतोय. बंकर दबलं. दोघं आत. ओव्हर."

उत्तर नाही. चार वेळा बोललो, उत्तर नाही. तिथं माझा धीर सुटला. गावी दीड महिन्याची लेक होती, तिचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. मी देवाला शिव्या घातल्या. साध्यासुध्या नाही, बराकीतल्या. कुठं मेलास, आमी काय पाप केलं, असं ओरडत राहिलो.

दशरथभाऊला दम पुरत नव्हता. तरी म्हणाला, "भांड त्याच्याशी. पण बोलणं तोडू नको."

मग तो परळीच्या वैजनाथाचं नाव घेत राहिला. हळूहळू मीही घेऊ लागलो. भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? पण एकटं वाटेना. त्या अंधारात कुणीतरी मला पोटाशी धरलंय, असं वाटलं.

अकरा पंचवीसला त्याचा हात माझ्या हातावर आला. "बोट उचल बे."

सेटचं प्रेसल, म्हणजे बटण, दाबलं की आपण बोलायचं आणि सोडलं की पलीकडचं ऐकू येतं. ट्रेनिंगचा पहिला धडा. माझी बोटं गारठून आखडली होती. पाऊण तास मी ते दाबूनच धरलं होतं. अख्खं नेट, म्हणजे त्या लाईनीवरचे सगळे सेट, जाम. त्यानं एकेक बोट सोडवलं आणि लगेच कंपनी कमांडरसाहेबांचा आवाज आला.

"चार्ली, पहिल्यापासून सगळं ऐकतोय. रेस्क्यू पार्टी केव्हाच निघाली आहे. टिकून राहा. ओव्हर."

"बघ," दशरथभाऊ म्हणाला. पुढं तो बोलला नाही. बारा दहाला फावडी आमच्यापर्यंत पोचली, तेव्हा तो गेला होता.

सुट्टीवर आलो तेव्हा केजहून जीप धरून त्याच्या गावी गेलो. त्याच्या मायनं एवढंच विचारलं, की जाताना तो एकटा होता का. नव्हता म्हणालो. मग राहवलं नाही, शिव्यांचंही सांगून टाकलं. माझ्या तोंडामुळंच देवानं त्याला नेलं, हे मला रोज आतून खात होतं.

मायनं मला जवळ बसवलं. मग म्हणाली, "शिव्या माणूस कुणाला देतो, बाबा? जवळ हाय त्यालाच. तूबी होता, देवबी होता. माझं लेकरू एकलं न्हाई गेलं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती मला थोपटत राहिली. नाईक दशरथ तिचा एकुलता एक होता.