आंदणाची पट्टी आणि फोनमधली ताई

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला पंच कुठल्या गुन्ह्यातला, हेही नक्की सांगता येत नाही. हे एक मात्र जसंच्या तसं लक्षात आहे, कारण त्यात मी चुकलो होतो आणि माझ्या हाताखालच्या एका महिला शिपायानं मला सावरलं.

फिर्यादी बाई पैठण तालुक्यातल्या एका गावच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून नवरा गेला, तेव्हा धाकटी मुलगी पाळण्यात होती. सासरची जमीन दिरांनी वाटून घेतली. बाईंकडे स्वतःचं म्हणावं असं एकच राहिलं, ते म्हणजे लग्नात वडिलांनी त्यांच्या नावावर करून दिलेली दीड एकर. माहेर शेजारच्याच गावात, त्यामुळे जमीनही तिथंच शिवेला लागून. एकटीनं नांगर-पाळी होईना, म्हणून त्यांनी ती मोठ्या दिराच्या मुलाला अर्ध्या वाट्याच्या बटईनं दिली आणि स्वतः शाळेत खिचडी शिजवायला लागल्या. दोन मुलींत एकच दप्तर होतं. थोरलीची शाळा सकाळची, धाकटीची दुपारची. थोरली घरी आली की दप्तर रिकामं करून धाकटीच्या खांद्यावर द्यायचं. हे मला बाईंनी फार पुढं, केस उभी राहिल्यावर सांगितलं. रडत नाही, हसत सांगितलं.

पाचोडचा बाजार करून त्या एके दिवशी थेट ठाण्यात आल्या. हातात भाजीची पिशवी तशीच.

"साहेब, माझ्या आंदणाच्या पट्टीत लोकं गाड्या घालायलेत."

"कोण लोकं?"

"मला काय ठाऊक? दर रविवारी यायलेत. बायका-पोरं घेऊन. तुरीत उभं राहून फोटू काढायलेत. एक बाई तर मलाच म्हणली, मावशी, इथं बाग होणार ना?"

ठाणे अंमलदार असलेले आमचे हवालदार म्हणाले, "बाई, फोटो काढण्याचा गुन्हा नसतो. अदखलपात्र घेऊन टाकू."

तेव्हा बाईंनी पिशवीतून, भेंडीच्या खालून, एक चुरगळलेला कागद काढला. आलेल्या एका कुटुंबानं मोबाईलवरच्या जाहिरातीची प्रत काढून आणली होती आणि ती वावरातच पडली होती. वरून ड्रोननं घेतलेला हिरवागार फोटो, त्यावर आखलेले चौकोन, मधोमध पोहण्याचा तलाव. खाली लिहिलेलं, 'छत्रपती संभाजीनगरपासून फक्त वीस मिनिटं.'

हवालदार म्हणाले, "वीस मिनिटं? इमानानं यायलेत का काय?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "दगड रोवतील, साहेब. एकदा नंबरं टाकून दगड रोवले की मी कुणाकुणाच्या मागं फिरू?"

बाईंचं म्हणणं खरं होतं. सातबारा बाईंच्या नावावर होता. पण पंचवीस-तीस लोकांनी प्लॉट घेतले, तर त्या प्रत्येकाशी कोर्टात भांडत त्यांचं आयुष्य गेलं असतं. मी फिर्याद घेतली.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील सहीच्या जागी अंगठा लावायचे. त्यामुळे चांगलं, शुद्ध लिहिण्याचा मला अभिमान होता आणि आजही आहे. माझी फिर्याद वाचून सरकारी वकील म्हणायचे, "साहेब, एक शब्द बदलायला नको." बाई बोलत होत्या आणि मी लिहीत होतो: 'फिर्यादीच्या मालकीची, मौजे अमुक येथील, गट क्रमांक अमुकमधील शेतजमीन.' लिहून झालं. वाचून दाखवलं. बाईंनी सही केली.

संशय कुणावर, असं विचारलं. बाईंनी भाजीची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भावावर."

कारण साधं होतं. वडील वारल्यावर भावानं राहिलेल्या जमिनीचा हक्कसोडीचा कागद बाईंपुढं केला होता. बाईंनी सही दिली नाही. तेव्हापासून येणं-जाणं बंद, बोलणं बंद. बहिणीला मिळालेल्या जमिनीवर भावाचा डोळा, ही गोष्ट आमच्या भागात इतक्या वेळा पाहिली होती की मी दुसरा विचारच केला नाही.

भावाला बोलावलं. साधा शेतकरी माणूस, पन्नाशीचा. दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. बाजाराला येणारं-जाणारं सगळं गाव बघत होतं.

"जाहिरात कुणाला दिली?"

"साहेब, माझा फोन बघा. बटनाचा हाय. ह्यात चित्र पण येत नाय."

"माणूस लावला असेल."

"बहिणीच्या वावरात कशाला माणूस लावू? लिंबाखालचं ते वावर माझ्या बापानं तिला हौसेनं दिलं. मी तेव्हा सनईवाला आणायला गेलतो."

मी जबाबात लिहिलं: 'सदर शेतजमीन वडिलांनी बहिणीस स्वेच्छेने दिल्याचे सांगतो.'

जाहिरातीवर नाव नव्हतं. 'माहिती मिळवा' अशी एक चौकट होती, ती दाबली की थेट मेसेज सुरू व्हायचे. ज्या कंपनीच्या मंचावर ती जाहिरात चालली होती तिला आम्ही पत्र पाठवलं. उत्तराची वाट बघत बसलो. माझ्या ठाण्यात वेरूळकडची एक महिला शिपाई होती. ती म्हणाली, "सर, पत्राचं उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपणच गिऱ्हाईक होऊ ना."

तिनं फोन टेबलावर ठेवला, चौकट दाबली. लगेच उत्तर आलं: 'नमस्कार! मी तुमची प्रॉपर्टी ताई. स्वतःसाठी बघताय की गुंतवणुकीसाठी?'

हवालदार वाकून बघत म्हणाले, "ही बाई इतकी झटकन कशी लिहिती?"

"बाई नाही दादा, बॉट आहे. मशीन."

"मग जेवती कधी?"

"जेवत नाही, म्हणून तर ठेवलीय."

ताईनं नाव विचारलं, मोबाईल नंबर विचारला, किती मोठा प्लॉट हवा ते विचारलं. शिपाई मला समजावत होती. जाहिरात लाखोंना दिसते. त्यातले काही जण चौकट दाबतात. बॉट त्यांच्याशी गोड बोलून नंबर काढून घेतो आणि दलालाकडे तयार गिऱ्हाइकांची यादी जाते. एकट्या माणसाला जे वर्षभर दारोदार फिरून जमलं नसतं, ते ही ताई आठवड्यात करत होती. वाईट काहीच नाही त्यात, ती म्हणाली. तिच्या मामेभावानं असंच घर घेतलं, चांगलं मिळालं. प्रश्न ताईचा नाही, जमिनीचा आहे.

मग तिनं लिहिलं, 'साइटवर यायचं कसं?'

ताईनं नकाशा पाठवला आणि खाली लिहिलं: 'नाल्यावरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला देवीचं ठाणं. तिथून आंदणाची पट्टी विचारा, कुणीही सांगेल.'

शिपायानं ते दोनदा वाचलं. "सर, हे कुठंतरी ऐकलंय."

मी फिर्याद काढली. तीनदा वाचली. 'आंदण' हा शब्द त्यात कुठंच नव्हता. मी म्हणालो, "यात तर नाही."

तिनं खिशातली तिची छोटी वही काढली. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तीही बाजूला बसून लिहीत होती. वहीत पहिलीच ओळ: 'माझ्या आंदणाच्या पट्टीत लोकं गाड्या घालायलेत.' आणि चार पानं पुढं, भावाच्या नावाखाली: 'लिंबाखालचं ते वावर.'

"तू हे असं कशाला लिहून ठेवतेस?" मी विचारलं.

ती जरा बिचकली. "मला तुमच्यासारखं चांगलं मराठी लिहिता येत नाही सर. म्हणून जसं बोलतात तसंच लिहिते."

मी फिर्याद मिटून ठेवली. मग भावाला फोन लावला. म्हणालो, "तुमच्या घरात त्या जमिनीला काय म्हणतात?"

"लिंबाखालचं."

"आंदणाची पट्टी कुणी म्हणतं का?"

"आम्ही कशाला म्हणू साहेब? आम्ही दिली. दिलेल्याला कुणी घरात आंदण आंदण करत बसतं व्हय? ते तिच्या सासूचं बोलणं. सासरकडचे म्हणतात."

जमीन एकच, पण देणाऱ्यांच्या घरात तिचं नाव वेगळं आणि घेणाऱ्यांच्या घरात वेगळं. ताईच्या तोंडी सासरचं नाव होतं. भावाला मी दोन दिवस फुकट बसवलं होतं.

सासरकडून त्या जमिनीत रोज पाय ठेवणारा एकच माणूस होता, बटईदार पुतण्या. त्याला बोलावलं. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. येताना सगळ्यांसाठी समोसे घेऊन आला.

"काकूसाठी काय पण साहेब. मीच तर बघतो तिचं सगळं. पीक विमा भरायचा असला तरी कागद मीच नेतो सहीला."

मी जाहिरातीचं नाव काढलं नाही. चहा मागवला. पेरणीचं, पाण्याचं बोललो. अनुभव असा की माणूस खोटं बोलायची तयारी करून येतो ती मोठ्या प्रश्नांसाठी. साध्या प्रश्नाला तो रोजचंच बोलतो. म्हणालो, "मला एकदा जागा बघायची आहे. रस्ता सांग बरं. आमचा ड्रायव्हर नवीन आहे."

"सोपं हाय साहेब. नाल्यावरचा पूल वलांडला की डाव्या हाताला देवीचं ठाणं. तिथून आंदणाची पट्टी विचारा, कुणीबी सांगंल."

शिपायानं तिचा फोन त्याच्यासमोर सरकवला. त्यानं वाचलं. हातातला समोसा परत कागदावर ठेवला.

"हे... हे मशीन बोलतंय, साहेब."

"मशीनला कुणी शिकवलं?"

त्यानं तेलकट बोटं कागदाला पुसली. मग स्वतःचा फोन पुढं केला. पंचांसमक्ष तो ताब्यात घेतला. त्यात शहरातल्या जाहिरातवाल्यानं पाठवलेला फॉर्म निघाला. गिऱ्हाईक काय काय विचारतील त्याचे प्रश्न छापलेले आणि उत्तरं यानं स्वतः भरलेली. 'रस्ता कसा?' यापुढं तेच वाक्य. विम्याच्या कागदांखाली कोरा स्टॅम्प पेपर ठेवून त्यावरही काकूची सही घेतली, त्यावर मुखत्यारपत्र तयार केलं आणि त्याच्या जोरावर एका दलालाशी करार केला, हे त्यानं त्याच दुपारी सांगितलं. शेवटी म्हणाला, "दलालानं सांगितलं, जितकं गावातलं वाटंल तितकं लोकं भरवसा ठेवत्यात. म्हणून घरचंच नाव टाकलं."

शहरात सिडको भागातल्या त्या जाहिरातवाल्याचा जबाब घ्यायला आम्ही गेलो, तेव्हा तो बिचारा घामाघूम. "साहब, बॉट को अपनी अक्कल नहीं रहती. जो डालो, वोइच बोलता. मालकाचा कागद दाखवला, मी काम केलं." त्यानं जाहिरात आमच्या समोर बंद केली आणि ज्या ज्या लोकांचे नंबर ताईनं घेतले होते त्या सगळ्यांना स्वतः मेसेज पाठवला की ही जमीन विक्रीला नाही. त्याच्या त्या कामामुळे एकही दगड रोवला गेला नाही. त्याचेही मी आभारच मानतो.

एक काम मात्र मला स्वतःलाच करायचं होतं. सकाळी दहाला, गणवेशात, भावाच्या गावात गेलो. पारावर माणसं बसली होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या गुन्ह्याशी यांचा काहीही संबंध नव्हता. मी चुकीच्या माणसाला बसवलं. माफी मागायला आलोय."

भाऊ म्हणाले, "साहेब, आधी चहा घ्या."

चहा घेताना ते हळूच म्हणाले, "तिनं माझं नाव घेतलं, त्याचा राग आलता. पण तिच्यापुढं कागद मीच धरला होता की. तिच्या मनात दुसरं कुणाचं नाव येणार?" आठवड्याभरानं ते बहिणीकडे गेले. बाई पुढच्या तारखेला कोर्टात आल्या त्या त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसून.

नोकरीत मला पदकं मिळाली, बदल्या मिळाल्या, शिव्याही मिळाल्या. पण खरं शिक्षण त्या छोट्या वहीनं दिलं. मी कॉलेजात जे शिकलो त्याचा अभिमान मला आहे. तरी त्यानंतर मी एकाही फिर्यादीचं बोलणं धुऊन-पुसून लिहिलं नाही. आधी त्यांचे शब्द अवतरणात, मग गट क्रमांक. ठाण्यातल्या नव्या लोकांनाही तेच शिकवलं. ती शिपाई पुढं खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाली. तिनं मला फोन केला तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, अभिनंदन." ती म्हणाली, "सर, मॅडम काय म्हणता?" मी म्हणालो, "तू तेव्हापासूनच होतीस."

ते मुखत्यारपत्र कोर्टानं रद्द ठरवलं. पुतण्या आणि दलाल दोघांवर खटला उभा राहिला. दीड एकराचा सातबारा बाईंच्या एकटीच्या नावावर आहे, बटई बंद केली आहे आणि जमीन त्या स्वतः कसतात.