पारंपरिक म्हणे

धानाच्या बांधीत उतरण्याआधी बाई पदर खोचायच्या आणि विचारायच्या, "गाव कोणतं तुमचं?" गाव त्यांना माहीत असायचं. सावलीपासून गोंडपिपरीपर्यंत धान रोवण्याची गाणी म्हणण्यात त्यांचा जन्म गेला होता. तरी विचारायच्या, आणि स्वतः रचलेल्या गाण्याच्या शेवटच्या ओळीत ते गाव बसवायच्या. चिखलात वाकलेल्या बायका आपल्या गावाचं नाव ऐकून कंबर सरळ करायच्या, हसायच्या, पुन्हा वाकायच्या.

वडशाच्या एका नाटक कंपनीनं त्यांना काही हिवाळे रंगमंचावर नेलं. तिथंही त्या पडद्याआडून विचारत, आज गाव कोणतं.

मग शहरातल्या एका गायिकेनं बाईंचं गाणं मोबाईलवर गाजवलं. खाली लिहिलं, 'पारंपरिक'. माझं डोकं फिरलं. रचणारी बाई जिवंत, अंगणात तांदूळ निवडत बसलेली, आणि गाणं पारंपरिक? गरिबानं केलेल्या गोष्टीला कर्ता नसतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

गाणं बाईंनी रचलं, असं सांगणारं पत्रक काढायचं ठरवलं. साक्षीला माणसं हवीत म्हणून गावं पालथी घातली. पहिल्याच गावात एक म्हातारी माझ्यावर उखडली. "बाईचं काऊन राहील? आमचं हाये ते. आमच्या गावाचं नावच हाये त्याच्यात." पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावानं तर शेजारच्यांनी आमचं गाणं चोरलं म्हणून माझ्याकडेच तक्रार केली.

मी चिडून बाईंना सगळं सांगितलं. तुम्हीच वाटून टाकलंत, म्हणालो. वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. सूप खाली ठेवलं.

"गाव त्याईचं, गानं माह्यं, असंच समजत होती मी."

मग म्हणाल्या, "पत्रकात माह्यं नाव टाक, बाबू. मोठं टाक."

टाकलं. पत्रक छापून आलं तेव्हा बाई हयात नव्हत्या.

यंदा रोवण्याच्या दिवसांत सावलीकडच्या एका बांधीवर ते घेऊन गेलो. बायकांचे हात चिखलानं भरलेले, कागद घेणार कोण? वाचून दाखव म्हणाल्या. बांधावर उभं राहून वाचलं. बायका पुन्हा वाकल्या. थोड्या वेळानं गाणं सुरू झालं. शेवटच्या ओळीला पुढं म्हणणारी थबकली आणि तिनं गावाच्या जागी बाईंचं नाव घेतलं. नाव लांब पडलं, चाल अडखळली. मागच्या हसल्या. "अवो, पुन्हा घे ना," एक म्हणाली.

पुन्हा घेतलं. पुन्हा अडखळलं. हात रोवतच होते.