आजोबांनी गाडी का विकली

मुलांनो, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, की आपली ती मोठी गाडी आजोबांनी का विकली. आणि तुमच्या बाबाने मागून सांगितलं, पेट्रोल महागलं म्हणून. तो तेव्हा पुण्याला वसतिगृहात होता, त्याला तेवढंच माहीत असणार. पण ते खरं नाही. ते कारण मीच तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हा दुरुस्तीही मीच करायला हवी. खरं काय झालं हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

गाडी विलायती होती. मुंबईचा एक साहेब मायदेशी परतताना त्याच्याकडून आजोबांनी ती जुनीच घेतली. पुढची फळी अक्रोडाच्या लाकडाची, सीटा चामड्याच्या. आजोबा वकील; सातारा, कोरेगाव, दहिवडी, इस्लामपूर अशा कोर्टांतून गाडी सतत पळायची. तरी रोज सकाळी ती स्वतः पुसल्याशिवाय ते चहा घेत नसत. मैल दाखवणाऱ्या मीटरला पाचच घरं होती. ती भरून सगळी शून्यं झाली आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती.

त्याच सुमारास त्यांना काचबिंदू झाला. समोरचं दिसे, बाजूचं दिसेनासं होत चाललं. घरी त्यांनी फक्त औषधाच्या थेंबांचं सांगितलं. गेलेली नजर परत येत नाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. एकदा कोरेगावजवळ डावीकडून आलेला सायकलवाला त्यांना दिसलाच नाही. तो बिचारा चरात उतरला म्हणून वाचला. रस्ता निसरडा होता, असं त्यांनी घरी सांगितलं. मी शेजारीच बसले होते. रस्ता कोरडा होता.

तुम्हाला दिसत नाही, असं त्यांना तोंडावर म्हणणं मला जमलं नाही. मी पेट्रोलचं निमित्त काढलं. ते विकायला तयार झाले, पण येईल ते गिऱ्हाईक परत पाठवू लागले. एकाने बॉनेटवर थाप मारली, एकाला टॅक्सी करायची होती, एकाच्या तोंडात तंबाखू होता. आणि रोज गाडी घेऊन कोर्टात जाणं चालूच. ते घरी येईपर्यंत माझं लक्ष फाटकाकडे असे.

मग आष्ट्याचे दोघे भाऊ आले. ऊसवाले. धाकट्याने लष्करात वीस वर्षं ट्रक चालवले होते. तो गाडीभोवती एक फेरी मारून, हात न लावता, वाकून बघत राहिला. आजोबांना ते आवडलं. त्यांनी आपणहून सांगितलं, की मीटरवर दिसतात त्यात आणखी लाख मैल धरा. थोरला भाऊ ओट्यावर बसला तो उठेचना.

"म्हातारी हाय रं ती," तो म्हणाला. "समदा ऊस हिच्याच घशात जायचा."

"दादा, तुमी बी म्हातारंच हाय की. आमी इकलं का तुमास्नी?"

गाडी तापली की खरा आवाज कळतो, म्हणून रहिमतपूरपर्यंत जाऊन यायचं ठरलं. जाताना मालकाने चालवायची आणि येताना घेणाऱ्याने, हा रिवाज. अशा व्यवहारात बायका गाडीत बसत नसत, पण मला घरात थांबवेना. थोरला ओट्यावरच राहिला, मी मागे बसले.

कोरेगाव मागे पडलं आणि डावीकडच्या पाणंदीतून एक बैलगाडी रस्त्यावर येऊ लागली. आजोबांचा पाय ब्रेककडे गेला नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेला फौजी, हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाला, "डाव्या अंगानं बैलगाडी येतीया, सायेब."

गाडी हळू झाली. त्यानंतर तो थांबलाच नाही. उजवीला सायकल हाय. म्होरं शेरडं हायती, डावीला. चालवणाऱ्याच्या शेजारी बसून असं बोलत राहायची सवय घाटातल्या ट्रकांमुळे लागली, असं त्याने वर सांगितलं. आजोबा तो सांगे, तसं करत गेले.

रहिमतपूरला चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी उभी केली. इंजिन बंद केलं, पण हात चाकावरच राहिले.

"ती बैलगाडी मला दिसली नव्हती," ते म्हणाले.

वर्षभरात हे वाक्य त्यांनी माझ्याजवळ उच्चारलं नव्हतं.

"मला दिसली न्हवं?" तो म्हणाला. "दोघांत एकाला दिसली म्हंजी झालं."

चहा झाल्यावर आजोबांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि मागचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर कधी बसलेच नव्हते. त्यांनी चामड्यावरून हात फिरवला, पाय लांब केले.

"तुम्ही सगळे इथे इतक्या आरामात बसत होतात?"

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले आणि बाहेर काय काय दिसतंय ते सांगायला सांगितलं. साताऱ्याची वेस येईपर्यंत मी सांगत होते. विहिरीवरच्या मोटा, शाळा सुटलेली पोरं, कुणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं.

गाडी त्याच संध्याकाळी आष्ट्याला गेली. थोरला भाऊ कुरकुरत मागे बसला आणि निघताना काच खाली करून मला म्हणाला, "आवं बाई, झोपच याया लागली की हितं."

ती पुढे किती चालली, मला माहीत नाही. आजोबा त्यानंतर अकरा वर्षं होते. कोर्टात एसटीने जात, कुणीतरी सोबत असे. ज्या दिवशी गाडी गेली, त्या रात्री जेवायला बसण्यापूर्वी त्यांनी खिशातून आपला वाहन परवाना काढून माझ्याकडे दिला होता. तो माझ्या कपाटात आहे. त्याची मुदत अजून दोन वर्षं शिल्लक होती.