लाल साटीनचा उन्हाळा

"रगत! रगत! निंघा रे सगळे बाहेर!" नन्नावरे गुरुजी तोंडातली शिट्टी न काढताच असे ओरडले की त्यांच्याबरोबर शिट्टीही ओरडली, आणि काठच्या करंजावरून उडालेला पाखरांचा थवा थेट वैनगंगेच्या पलीकडेच जाऊन टेकला असावा. मी नुकतंच डोकं पाण्याबाहेर काढलं होतं. डोळे उघडतो तो काय! त्या नितळ निळ्या जळात एक आरक्त मेघ हळूहळू उलगडत होता. पहाटेचं क्षितिजच कुणी बादलीभर आणून ओतलं होतं जणू! आणि त्या अरुणोदयाच्या मध्यभागी आमच्या गावचे धानाचे व्यापारी भैयाजी, स्नानमग्न ऐरावतासारखे, उताणे तरंगत होते. त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "रगत नाई जी, गुरुजी. चड्डी हाय."

वाचका, तुला आमचा उन्हाळा ठाऊक नसेल. वडशाच्या अलीकडचं आमचं गाव; वैशाखात तिथे माणसांच्या सावल्यासुद्धा माणसांना सोडून झाडाखाली जाऊन बसत. अशा गावात, नव्वदीच्या दशकाच्या उतरणीला, नगरपालिकेनं जलतरण तलाव बांधला. तोवर आम्ही गावबोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, म्हशींच्या संगतीनं पोहत होतो, आणि खरं सांगायचं तर म्हशी आमच्यापेक्षा बऱ्या पोहत. नव्या तलावावर कवायतीचे निवृत्त मास्तर नन्नावरे गुरुजी देखरेखीला बसले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी स्वहस्ते फलक लावला: पोहण्याच्या चड्डीशिवाय पाण्यात उतरू नये, पंचा, लुंगी, धोतर चालणार नाही. सगळं गाव फलकापुढे काठावर उभं! कारण तसली चड्डी गावातल्या एकाही दुकानात नव्हती. समोर अमृताचं कुंड आणि कमरेला धोतर! याहून दारुण शोकांतिका कोणती?

तिथे आमचे सत्तारभाई प्रकट झाले. हे झाडीपट्टीच्या नाटकांचे शिंपी. धानाची कापणी झाली की गावोगाव नाटकं उभी राहत, आणि त्यांतले अर्धे राजे, सगळे राक्षस आणि झाडून साऱ्या अप्सरा सत्तारभाईंच्या मशीनखालून निघत. पण हिवाळा सरला की राजेही सरत. मग हा माणूस कात्री पेटीत घालून नागपूरच्या गाडीत बसे आणि मृगापर्यंत तिथल्या एका कारखान्यात तयार कपडे शिवत राही. त्यांच्या अंगणात एक आंबा होता, रसाळ, गावात नावाजलेला. सत्तारभाई दरवर्षी त्याचा मोहर बघून जात आणि परत येत तेव्हा अंगणात कोया पडलेल्या असत. रुबिनाभाभी थट्टेनं म्हणत, "आमच्या घरी आंब्याले पाहुणे खाते, अन् मालक फक्त फुलं मोजते." म्हणत हसून, पण हसल्यावर पदर डोळ्यांकडे का जाई, हे विचारायची प्राज्ञा कुणाची?

त्या वर्षी मात्र मोहर गळला, कैऱ्या धरल्या, आणि सत्तारभाई गावातच! नाटकांच्या उरल्यासुरल्या साटीन-मखमलीतून त्यांनी अख्ख्या गावाच्या चड्ड्या शिवायला घेतल्या. काय ते वैभव सांगू! पोस्टमन दुर्योधनाच्या जांभळ्या शेल्यात सूर मारी, तलाठी एका अप्सरेच्या मोरपिशी पदरात पाय झाडी, आणि माझ्या वाट्याला कुठल्याशा मांडलिक राजाची पिवळी बाही आली होती. तिच्यावरची जर उन्हात अशी लखलखे की एकदा आगगाडीनं सिग्नल समजून वेग कमी केल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. भैयाजींच्या विस्ताराला मात्र सामान्य राजा पुरेना; त्यांना रावणाचा सबंध लाल झगा लागला.

पाणी एकटं कधी येत नाही हो! ते आपल्याबरोबर भूक आणतं. तासभर पोहून निघालेल्या माणसाची भूक ही वणव्याची सख्खी बहीण. फाटकाशी कौसल्याबाईंनी तर्री-पोह्याची कढई मांडली, तर दुपारपर्यंत तिचा तळ घासून आरशासारखा होई. मग सायकलींना सावली हवी म्हणून एकानं मांडव घातला. ओल्या केसांना कंगवा हवा म्हणून न्हाव्यानं खुर्ची आणली. गोळेवाल्यानं तर बर्फ ठेवायला दुसरी पेटी केली. जिथे काल रानटी बाभळी होत्या तिथे आज संध्याकाळी बाजार गजबजू लागला. ही सगळी चक्रं कशावर फिरत होती? साटीनच्या एका तुकड्यावर!

आणि नेमका तोच तुकडा रंग सोडून बसला. गडबडे भैयाजी! नवी चड्डी आधी भिजवून घ्यायचीही त्यांना उसंत नव्हती. गुरुजींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि गर्जना केली, "ह्या नाटकवाल्या चड्ड्या आजपासून बंद! नागपूरची रेडिमेड आणा. सत्तारभाईची एक चड्डी जरी ह्या पाण्यात उतरली ना, तं मी मिशी उतरवीन!" गोंगाट ऐकून सत्तारभाई गळ्यात टेप घेऊनच धावत आले होते. त्यांनी लाल पाण्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. म्हणाले, "ठीक हाय गुरुजी. मंग मी नागपूरलेच जातो. ते रेडिमेडवाले मलेच बसवते मशीनवर. तुमच्यासाठी तिथूनच शिवून पाठवीन."

तलाव उपसून पुन्हा भरला, पाणी पुन्हा निळं झालं. पण त्यात उतरणार कोण? गावाकडे दुसरी चड्डीच नव्हती. आरशासारखं पाणी आणि त्यात तोंड पाहायला एकटे गुरुजी! मांडवात सायकल येईना, न्हाव्याच्या खुर्चीत कुत्रं झोपू लागलं. गुरुजी सवयीनं कौसल्याबाईंच्या कढईपाशी गेले, तर ती पालथी. "पोहे नाई?" "पोहे हाय जी," बाई म्हणाल्या, "भूक नाई. भूकच तं बंद केली ना तुम्ही." जगातल्या कुठल्या अर्थशास्त्र्यानं बाजाराचं मर्म याहून थोडक्यात सांगितलं असेल?

सत्तारभाईंच्या निघण्याची सकाळ उजाडली. मी निरोपाला गेलो. दारात पेटी बांधलेली; अंगणात आंबा पाडाला आलेला, एकेक फळ सोन्याच्या घंटेसारखं लोंबत होतं, आणि भाभी त्याच्याकडे पाठ करून भाकरी बांधत होत्या. इतक्यात दारात एक परका माणूस उभा राहिला. कोण बुवा हा? नाकाखाली ओसाड माळरान, नजर जमिनीला. बोलला तेव्हा कळलं: गुरुजी! शब्दाला जागून आधी मिशी उतरवली होती, आणि मगच पायरी चढले होते.

"माप घ्या," ते म्हणाले. "फाटकाजवळ बादली ठेवली हाय. नवी चड्डी आधी त्यात भिजवाची. पाणी साफ निंघलं की मंगच आत."

सत्तारभाईंनी पेटीची दोरी सोडली, टेप काढली. कमर मोजली, मांडी मोजली. मग छाती मोजली, खांदे मोजले, मनगटसुद्धा मोजलं. चड्डीला मनगट कशाला लागतं? मी विचारणार होतो. भाभींनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. स्टेशनाकडून शिट्टी झाली, लांबट, गुरुजींच्या शिट्टीहून किती तरी सौम्य. सत्तारभाईंनी मान वर केली नाही. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर ते एखाद्या भूमापकाच्या निष्ठेनं मोजत राहिले. "रंग?" त्यांनी विचारलं. गुरुजी क्षणभर घुटमळले. त्यांच्या डोळ्यांपुढे तो निळ्या पाण्यात उलगडणारा आरक्त मेघ तरळून गेला असावा. माझ्या तर आजही तरळतो, आणि कोणत्याही तलावाचं निळं पाणी पाहिलं की ते मला जरासं अपुरंच वाटतं. "लालच," गुरुजी हळूच म्हणाले.

मग त्यांची नजर पेटीकडे गेली, आणि ते एकदम ओशाळले.

"अरे, सत्तारभाई, तुमची गाडी किती वाजता हाय?"

टेपची गुंडाळी करत सत्तारभाई म्हणाले, "गेली."