मूळ प्रत येईपर्यंत

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी बी.ए. झालो. नातेवाईक भेटले की विचारतात, पदवी घेतली, मग पुढं काय झालं? जे झालं ते क्रमानं लिहितो.

अकोल्यातल्या एका अनुदानित शाळेत मी सत्तावीस वर्षांपासून कनिष्ठ लिपिक आहे. मुख्य लिपिकाला आमच्याकडं सगळे 'बडे बाबू' म्हणतात. शाळेत ते पद एकच. त्याला पदवी लागते, आणि मी बारावी. आमचे बडे बाबू कोणत्या मार्चअखेर निवृत्त होणार हे मला चार वर्षं आधीच ठाऊक होतं, कारण त्यांची जन्मतारीख माझ्याच कपाटातल्या कागदांत होती. म्हणून मुक्त विद्यापीठात नाव घातलं. परीक्षा केंद्र अमरावतीला मिळालं. सहा सत्रं, दर पेपरला पहाटेची एसटी. मुलगी तिथंच वसतिगृहात राहून बी.एस्सी. करत होती. पेपर सुटला की डबा घेऊन फाटकापाशी उभी असायची.

"बाबा, लिहलं काय सारं, का पाट्या टाकून आले?"

ती दहावीला असताना मी तिला हेच विचारायचो, याच सुरात.

ऑगस्टमध्ये आम्हा दोघांचे निकाल एकाच आठवड्यात लागले. तिला चौऱ्याहत्तर टक्के, मला एकसष्ट. तिनं आमचा फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवला, खाली लिहिलं, 'घरात दोन नवीन ग्रॅज्युएट'. शाळेत त्या दिवसापासून मलाच बडे बाबू म्हणू लागले. मी वरवर रागवायचो.

आता चूक. शाळेतल्या सर्वांची सेवापुस्तकं मी सांभाळतो. कोण केव्हा लागला, काय शिकला, याची नोंद त्यात असते. नोंद नसेल तर सरकारच्या लेखी ते घडलेलंच नसतं. माझा नियम एकच, मूळ प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय नोंद नाही. संगणकावरून काढलेली गुणपत्रिका मी आजवर कुणाची घेतली नाही. आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर येतं, म्हणजे थेट फेब्रुवारीत.

डिसेंबरात माझा सहकारी तशीच गुणपत्रिका घेऊन आला. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, नोकरीत नऊ वर्षांनी मागं, आणि माझ्यासारखाच बाहेरून बी.ए. झालेला. मी ती परत केली. त्यानं पुन्हा आणली, पुन्हा परत केली.

"भाऊ, माया निकाल खोटा हाय काय?"

"मूळ प्रत आण."

"तुमी त देवालेही आधार कार्ड मागसान!"

तो मुख्याध्यापकांकडं गेला. त्यांनी मला बोलावलं. "घ्या करून त्याची नोंद, मी सही करतो. एक जानेवारीची सेवाज्येष्ठता यादी काढायची आहे. तुमचीही करून टाका सोबत."

"माझी राहू द्या सर. मूळ प्रत येऊ द्या."

त्याची नोंद मी माझ्या हातानं केली. पाच मिनिटांचं काम. माझं सेवापुस्तक त्याच कप्प्यात होतं. यादीही मीच टाइप केली. पहिल्यावर बडे बाबू. माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर, शिक्षण बारावी. त्याचं तिसऱ्यावर, शिक्षण बी.ए. आक्षेपासाठी पंधरा दिवस होते. मी 'आक्षेप नाही' लिहून सही केली. माझा हिशेब असा होता की जागा मार्चअखेर रिकामी होईल आणि पात्रता त्या दिवसाची बघतील. सत्तावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाचा हा हिशेब.

प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पोस्टानं आलं. बढतीचा प्रस्ताव जानेवारीची यादी जोडून त्याआधी पंधरा दिवस वरच्या कार्यालयात गेला होता. मी अर्ज घेऊन तिथं गेलो. टेबलामागच्या माणसानं यादी काढून माझ्यापुढं धरली.

"हे सही कोनाची हाय? तुमचीच ना? मंग?"

अर्ज घडी करून मी खिशात ठेवला.

एक एप्रिलला सहकारी बडे बाबूंच्या खुर्चीत बसला. मी सात वर्षांनी निवृत्त होईन, तो चौदा वर्षांनी. म्हणजे माझ्यापुरतं ते पद संपलं.

मुलगी घरी आली तेव्हा तिनं विचारलं, "साहेब सोता म्हनत होते, तरी काहून नाही केली नोंद?"

मी नियम सांगितला.

"पन त्याची त केली ना तुमी?"

"मुख्याध्यापकांची सही होती."

"मंग तुमच्यावरही त्यायचीच झाली असती, बाबा."

ती बरोबर होती. खरं सांगायचं तर माझी नोंद मला त्याच्या नोंदीपेक्षा स्वच्छ हवी होती. नियमाचं नाव मी नंतर घेतलं.

एप्रिलमध्येच मी ती नोंद केली. खाली 'तपासले' म्हणून बडे बाबूंची सही लागते. सेवापुस्तक उघडून मी त्याच्या टेबलावर ठेवलं. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटातून काढून शेजारी ठेवलं.

"राहू द्या ना भाऊ, तुमचे कागद कोन तपासते?"

"पाहून घे. क्रमांक जुळव."

त्यानं सही केली आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलं. प्रमाणपत्राकडं त्यानं पाहिलंही नाही. क्रमांक मीच एकदा जुळवला, ते पाकिटात घातलं आणि कपाटाला कुलूप लावलं.